जेवून घे : कथेचा शेवट इथंच करावा का?

तापीकाठ
माझी कथा शेवटाशी अडलीय. धुळ्याची एक शिक्षिका. रात्री चोपड्याजवळ तिच्या गाडीनं एका सायकलवाल्याला उडवलं, तो गेला. ती थांबली नाही. पुढं गाडी सोडून केळीच्या बागेत शिरली. राखणदारानं विचारलं, "कोन शे वं तू?" आणि उत्तर यायच्या आत पाण्याचा तांब्या पुढं केला. त्याची बायको अशाच पळालेल्या गाडीखाली गेलेली. सहा महिन्यांनी ती सगळं सांगते. तो उठतो, ठिबकचा व्हॉल्व्ह बंद करतो, परत येऊन म्हणतो, "जेवून घे." याहून मोठं प्रेम मला माहीत नाही. गोष्ट इथंच संपवावी असं वाटतं.

धुळेकरीण
अजिबात नाही! जखमीला दवाखान्यात न्या, चोवीस तासांत पोलिसांना कळवा, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 मध्येच आहे. तिनं त्या माणसाची जगायची संधी हिरावून घेतली. आणि तुमच्या कथेत त्याला साधं नावही नाही. त्याच्या घरी रोज कोण वाट बघतं?

रावेरचा शेतकरी
भाऊ, सहा महिने बागेत माणूस लपत नाही. मृगबाग असो की कांदेबाग, केळीची लागवड कुठल्याही हंगामातली असो, घड कापायला मजूर येतात, ट्रक लागतात. म्हणजे गावाला ठाऊक होतं. ते लिहा ना. बायको गमावलेल्या माणसाच्या दारी आलेली बाई गावानं का झाकली, मला त्यात जास्त रस आहे.

वकील, जळगाव
भारतीय न्याय संहितेत गुन्हेगाराला 'आसरा' देण्यात अन्नपाणीही धरलंय. माहीत नव्हतं तोवर तो निर्दोष. "जेवून घे" म्हटलं तिथून कलम 249 लागू शकतं. नवरा-बायकोला मात्र त्यातून सूट आहे.

धुळेकरीण
मग लग्न लावून सोडवणार? एकीच्या अपराधात दुसऱ्याला ओढायचं, त्याला मी प्रेम म्हणणार नाही.

तापीकाठ
वकीलसाहेब, हे मला माहीत नव्हतं. ताई, तुमचा राग मला पटतो, तरी त्याचं ते वाक्य मी काढणार नाही. पण आता दिसतंय, ती ताटावर बसणार नाही. भाकरी फडक्यात बांधून पहाटेच्या एसटीनं चोपड्याला जाईल, पोलीस ठाण्यात.

धुळेकरीण
आधी सायकलवाल्याच्या घरी. ठाणं त्यानंतर.