पद्मश्री नव्वदीत, मग शिकवायचं कधी?

डोंगरवाट:
जव्हारजवळच्या वाळवंडा गावचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ची पद्मश्री जाहीर झाली. मनापासून आनंद झाला, पण चीडही आली. नव्वदी उलटल्यावर?

तारपा वाजवताना गालात हवा धरायची, नाकाने श्वास घ्यायचा आणि सूर तुटू द्यायचा नाही. वाद्यही स्वतःच बनवायचं: सुकवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाची पानं, मेण. हे सगळं गुरूजवळ बसूनच येतं, आणि शिकवायला गुरूच्या अंगात ताकद लागते. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना राष्ट्रीय पुरस्कार १९७६ला मिळाला, पद्मश्री थेट २०११ला. मधली पस्तीस वर्षं सरकार काय करत होतं? माझं म्हणणं, सन्मान साठीतच द्या आणि सोबत दोन-तीन शिष्य सांभाळता येतील एवढी वार्षिक रक्कम द्या.

सदानंद_पु:
साफ असहमत. मध्य प्रदेशातल्या उमरियाच्या जोधैयाबाई बैगा यांनी कुंचला हातात घेतला तोच सत्तरीच्या आसपास. २०२३ला पद्मश्री, २०२४च्या डिसेंबरमध्ये त्या गेल्या. तुमच्या साठीच्या हिशोबात त्या कुठे बसल्या असत्या? उशीर होतो हे खरं, पण पद्मसाठी कोणीही नागरिक ऑनलाइन शिफारस करू शकतो. आपल्यापैकी किती जणांनी केली?

आणि पद्मला पैसे चिकटवू नका. रक्कम आली की मध्यस्थ आलाच. पैशांसाठी राज्याची ज्येष्ठ कलाकार मानधन योजना आहे, महिना पाच हजारांची.

डहाणूची_लेक:
सदानंददादा, त्या मानधनाला कलेचे पुरावे जोडावे लागतात. कात्रणं, प्रमाणपत्रं, कार्यक्रमांचे फोटो. ज्या बाईने जन्मभर पाड्यावरच्या लग्नांत गाणी म्हटली, तिने कात्रण कुठून आणायचं?

मला दोघांनाही वेगळंच विचारायचंय. वारली लग्नात चौक, म्हणजे भिंतीवरचं लग्नाचं चित्र, लिहितात त्या सवाशिणी. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचं पाणी, मधोमध पालघट देवी. शेजारी धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गात असते, तिच्या गाण्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद आणि रंग घेऊन आले, आणि त्यानंतर नाव झालं ते बहुतेक पुरुषांचं. मशे थोरच होते, त्यांनी रोजचं जगणं भिंतीवरून कागदावर आणलं. पण माझ्या आजीसारख्या धवलेरींची यादीसुद्धा कुणाकडे नाही. लवकर द्या की उशिरा, यादीत नसलेल्या बाईला काय फरक पडतो?

सदानंद_पु:
ताई, मुद्दा वजनदार आहे. तरी विचारतो, सगळ्या पाड्याची कला असेल तर एकीलाच पुरस्कार देऊन उरलेल्या जणींचं मन दुखवायचं का? अशा ठिकाणी गावालाच काहीतरी द्यावं.

डोंगरवाट:
गावाला दिलं की फलक लागतो, सभामंडप होतो, आणि म्हातारी आहे तिथेच राहते. माणसालाच द्या. वयाची अट हवी तर काढा, शिष्यांची रक्कम मात्र सोडणार नाही. दिवाळीच्या तोंडावर पोरं कामाला वसई-भिवंडीकडे निघतात. घरी थांबून तारपा शिकायचा तर त्यांच्या मजुरीचं काय?

पुराव्याचं म्हणाल, तर जव्हार, डहाणू हे पेसाचे तालुके, म्हणजे आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा इथे लागू आहे. ग्रामसभेने ठराव करून लिहून द्यावं की ही आमची धवलेरी, हा आमचा तारपकरी. मानधनासाठी एवढा कागद पुरायला हवा.

डहाणूची_लेक:
ठरावाचं चालेल, पण ग्रामसभेत बायका किती बोलतात ते एकदा येऊन बघा. आधी महिला सभेत नावं ठरू द्या, मग ठराव करा. धवलेरी कोण हे पाड्यावरच्या बायकांना विचारावं लागत नाही, लग्न ठरलं की त्या थेट तिच्या दारात जातात.

सदानंद_पु:
महिला सभेचं मान्य. रकमेचं अजूनही नाही. मजुरी बुडते म्हणून पोरगं शिकायला येत नसेल, तर शिष्यवृत्ती थेट त्याच्या खात्यात द्या, गुरूच्या नाही.

डोंगरवाट:
आणि भोपळा, मेण, रोजचं दोन वेळचं जेवण? शिष्य राहतो तो गुरूच्याच घरात, दादा.