मदत हवी आहे : हिवाळ्यातील प्रवासात गरम ग्रिप आणि बॅटरी यांचा मेळ कसा घालावा?

मी रोज पहाटे मोटारसायकलने १२ किलोमीटर जातो आणि तेवढेच अंतर संध्याकाळी परत येतो. सध्या सकाळचे तापमान २ ते ४ अंश सेल्सिअस असते. हँडलला बसवलेल्या, विजेवर तापणाऱ्या गरम ग्रिपमुळे तळवे उबदार राहतात, परंतु थेट वाऱ्यात असलेली बोटांची मागची बाजू दहा मिनिटांत इतकी बधिर होते की क्लच कितपत दाबला गेला हेच कळत नाही. मला याचीच खरी काळजी वाटते.

दुसरी अडचण बॅटरीची आहे. ग्रिप ३६ वॅटच्या, म्हणजे साधारण ३ अँपिअर घेणाऱ्या आहेत. त्या व हेडलाइट चालू असताना बॅटरीवर आयडलिंगला १२.८ आणि ३००० आरपीएमच्या वर १३.९ व्होल्ट दिसतात. मात्र रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी १२.३च भरतात आणि स्टार्टर कण्हत फिरतो. बॅटरी एक वर्षाची असून टर्मिनल साफ केले आहेत, ग्रिपची जोडणी इग्निशनच्या रिलेवरून आहे, म्हणजे चावी बंद केली की ग्रिपही बंद होतात. पार्किंगमध्ये वीज नसल्याने चार्जर रोज लावता येत नाही.

अशा स्थितीत ग्रिप काढून केवळ हँडमफ (हँडलवर चढवायचे, वारा अडवणारे आवरण) आणि जाड हातमोजे पुरतील का, की इतक्या छोट्या फेरीत बॅटरी पूर्ण चार्ज होत नाही हेच कारण न मानता आधी बंद गाडीतील वीजगळती मोजावी?