अटल पेन्शन: काका वारले, पैसे काढावेत की काकूने खातं पुढे चालवावं?

सत्तरीची_पोर

अटल पेन्शन योजनेतला खातेदार साठीच्या आत वारला, असं कुणाच्या घरी घडलं असेल तर कृपया मार्गदर्शन करा.

माझे धाकटे काका मे २०२५ मध्ये गेले, वय ४५. आधी खाणीवर स्वतःचा ट्रक होता. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा तो विकला आणि खाजगी बसवर ड्रायव्हर म्हणून लागले. कदंबात, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेत नव्हते, त्यामुळे पीएफ, ग्रॅच्युइटी असलं काही नाही. मागे राहिलं ते हे एकच, २०१५ च्या अखेरीस घेतलेलं साठीनंतर महिना ५,००० वालं अटल पेन्शन. तेव्हा वय ३५, म्हणून हप्ता महिना ९०२ रुपये. भरणा लाखाच्या वर गेलाय, परतावा वेगळा.

बँकेत काउंटरवर सांगितलं, खातं बंद करून पैसे घ्या. पण नियमात पत्नीला दुसराही पर्याय आहे. काका साठ वर्षांचे झाले असते तोपर्यंत, म्हणजे २०४० पर्यंत, तिने हप्ते भरायचे आणि मग तेच ५,००० तिला तहहयात. तिच्यामागे नॉमिनीला साडेआठ लाख. हे काउंटरवर कुणी बोललंच नाही.

काकूला पैसे आत्ता हवेत. मुलगा फर्मागुडीला इंजिनिअरिंगला लागलाय, चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आहे. ती बचतगटातून शाळेच्या माध्यान्ह आहाराचं जेवण करते, त्यातून ९०२ निघतील, पण ओढाताण होईल. मला वाटतं बंद करू नये, पण माझ्या वाटण्याने तिचं घर चालत नाही, म्हणून इथे विचारतेय.

आणखी एक भानगड. लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं, आणि पेन्शनच्या पावतीवर पत्नी म्हणून माहेरचं. बँक म्हणते सक्सेशन डीड (वारस कोण हे ठरवणारा दस्त) आणा. त्याचा खर्च आणि वेळ बघता घाम फुटतो. खरंच लागतं का?

अंत्रुजकर

सक्सेशन डीड घर-जमिनीसाठी किंवा नॉमिनी नसलेल्या बचत खात्यासाठी मागतात. अटल पेन्शनला पहिला हक्क पत्नीचाच. मृत्यूदाखला, क्लेमचा फॉर्म, तिचं केवायसी आणि तिच्या स्वतःच्या खात्याचं पासबुक द्या. दोन नावांसाठी नोटरीकडून प्रतिज्ञापत्र करा, की दोन्ही नावांची बाई एकच. सोबत लग्नाचा दाखला. आपल्याकडे निम्म्या बायकांची ही कथा आहे, बँकेलाही ठाऊक असतं. तरी डीडच हवं म्हणाले तर ते लेखी मागा. बहुतेक वेळा लेखी द्यायची वेळ आली की मागणी मागे घेतात.

निवृत्त_लेखनिक

काकूंचं वय किती? चाळिशी उलटली असेल तर त्यांना स्वतःचं नवीन अटल पेन्शन उघडता येणार नाही, प्रवेश ४० पर्यंतच. म्हणजे हे बंद केलं की पुन्हा संधी नाही. अजून १५ वर्षांत भरायचे सुमारे १ लाख ६२ हजार. पेन्शन सुरू झाली की पावणेतीन वर्षांत तेवढे परत येतात.

मांडवीकाठ

हिशेब बरोबर, पण अर्धाच. ही पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही. महागाई ६ टक्के धरली तर २०४० चे ५,००० म्हणजे आजचे जेमतेम २,१००. त्यावर म्हातारपण निघणार नाही. तरीही मी चालू ठेवा म्हणेन, कारण सोडून मिळणारी रक्कम एका वर्षाच्या खर्चातच संपेल. फीसाठी गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जयोजना आहे, तिथे आधी अर्ज करा. हप्ता एखाद्या महिन्यात चुकला तर दंड शंभरामागे महिन्याला एक रुपया, त्याला घाबरायचं कारण नाही.

आणि सगळ्यात आधी काकांचं पासबुक काढा. २०१५ साली बँकांनी अटल पेन्शनसोबत जीवनज्योती विमाही अनेकांच्या गळ्यात घातला होता. मे महिन्याच्या अखेरीस दरवर्षी ४३६ रुपये (२०२२ पूर्वी ३३०) कापल्याची नोंद दिसली तर नॉमिनीला २ लाख मिळतात, मृत्यू कशानेही झालेला असो. काउंटरवर हे आपणहून कुणी सांगत नाही.

सत्तरीची_पोर

काकू ४१ पूर्ण आहे, म्हणजे नवीन खातं नाहीच. जीवनज्योतीचं डोक्यातच नव्हतं! पासबुकात गेल्या वर्षीच्या मार्चनंतर एन्ट्रीच मारलेली नाही, पण मागच्या पानांवर ३३० दोनदा दिसतात. उद्या बँकेत जाऊन पूर्ण छापून घेते. २०२४ आणि २०२५ च्या मे महिन्यात कापले असतील तरच उपयोग ना? काका २७ मेला गेले. चालू वर्षाचा हप्ता त्याआधी कापला गेला नसेल, तर आधीच्या वर्षाचं संरक्षण ३१ मेपर्यंत धरतात का?

मांडवीकाठ

हो, विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे. २०२४ चा हप्ता गेलेला असेल तर २७ मेला संरक्षण होतंच, २०२५ च्या हप्त्याचा संबंध नाही. क्लेमचा फॉर्म त्याच शाखेत मिळेल. उशीर झालाय, तेव्हा चवथीची वाट बघू नका.