मदत हवी आहे : न्यू मेक्सिकोहून टेक्सासला जातोय, सायकॉलॉजिस्टने सुरू केलेल्या गोळ्यांचं काय?

आम्ही लास क्रूसेसला राहतो. बाळंतपणानंतर बायकोला नैराश्य आलं. सायकिअ‍ॅट्रिस्टकडे (मनोविकारांचा एमडी डॉक्टर) चार महिन्यांचं वेटिंग होतं, म्हणून जिच्याकडे समुपदेशन चालू होतं त्या सायकॉलॉजिस्टनेच (मानसशास्त्रज्ञ, एमडी नव्हे) सर्ट्रालिन ही नैराश्यावरची गोळी सुरू केली. न्यू मेक्सिकोत २००२ पासून कायद्याने हे चालतं. अमेरिकेतल्या राज्यांमध्ये हे पहिलं. डॉक्टरेटनंतर औषधांचं वेगळं शिक्षण, परीक्षा, देखरेखीखाली किमान ४०० तास नि १०० रुग्ण, मग दोन वर्षं सशर्त परवाना, एवढं सगळं झाल्यावर पूर्ण परवाना मिळतो.

नाशिकहून आई रोज विचारते, "डॉक्टर नसलेल्या बाईने दिलेल्या गोळ्या कशा घेता रे?" तिचंही बरोबर आहे. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला औषध लिहिताच येत नाही, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही आपल्या क्षेत्राबाहेरचं औषध सुचवायला मनाई आहे. पण या बाईंनी पहिल्या गोळीआधी थायरॉइड तपासायला लावलं, बीपी स्वतः घेतलं, आमच्यासमोरच फॅमिली डॉक्टरला फोन लावला. बाळ अंगावर पितं का, हे तर तीनदा विचारलं.

आता पुढच्या महिन्यात माझी डॅलसला बदली आहे आणि टेक्सासात सायकॉलॉजिस्टला हा अधिकार नाही. मागे प्रवासात तीन दिवस गोळी चुकली तर तिला चक्कर, डोक्यात झटके, सारखं रडू. ते पुन्हा नको.

तिथला फॅमिली डॉक्टर हीच गोळी पुढे चालू ठेवेल का? सोबत कोणते कागद न्यावेत? कुणी असं राज्य बदललंय का?

प्रतिसाद :
आम्ही लुईझियानाहून ह्यूस्टनला आलो तेव्हा हेच झालं होतं. सर्ट्रालिन फॅमिली डॉक्टर लिहून देतात, त्यासाठी सायकिअ‍ॅट्रिस्टच हवा असं नाही. पण नव्या पेशंटला तारीख लवकर मिळत नाही, त्यामुळे डॅलसची अपॉइंटमेंट आजच घ्या. डोस कधी किती वाढवला, आधी काय देऊन बंद केलं, रक्ताचे रिपोर्ट, हे सगळं त्या बाईंकडून लेखी घ्या. निघण्याआधी जास्तीत जास्त दिवसांची रिफिल मागा. आणि तुमच्या आताच्या फॅमिली डॉक्टरला सगळं ठाऊक आहेच, तर त्यांचंही एक पत्र घ्या. आमच्या नव्या डॉक्टरने आधी तेच वाचलं.

धागाकर्ता :
पत्राचं डोक्यातच आलं नव्हतं. उद्या सकाळीच फोन करतो.