‘कल्चर सिस्टिम’ला मराठीत काय म्हणायचं?

अनुवादिका: जावा बेटावरच्या डच अमलाबद्दलचा लेख मराठीत आणतेय. १८३०मध्ये गव्हर्नर जनरल व्हान डेन बॉसने तिथे आणलेल्या पद्धतीला इंग्रजीत ‘कल्चर सिस्टिम’ म्हणतात. संपादकांनी ‘सांस्कृतिक व्यवस्था’ केलं! इथे ‘कल्चर’ म्हणजे पीक. गावाने पाचवा हिस्सा जमीन ऊस, नीळ अशा सरकारी पिकांना द्यायची, नाहीतर त्या बदल्यात राबायचं. मी ‘सक्तीची लागवड’ सुचवलं, तर म्हणतात मूळ शब्दात सक्ती कुठेय?

बोरूबहाद्दर: मूळ शब्द राज्यकर्त्यांचा. इंडोनेशियात त्याला ‘तानाम पाक्सा’ म्हणतात. तानाम म्हणजे लावणं, पाक्सा म्हणजे सक्ती. तुमचंच बरोबर.

देशस्थ: सक्ती फारसीतून आलेला. ‘वेठ’ असताना तो कशाला? संस्कृत ‘विष्टि’ची वेठ. साहेबाचं सामान वाहायला गडीमाणसं वेठीला धरत, हे आजीकडून ऐकलंय.

नीरक्षीर: वेठीला दाम नसतो. जावात पिकाचे पैसे मिळत, तुटपुंजे का होईना.

बोरूबहाद्दर: आणि ते शेतसारा भरण्यातच जात! शिवाय जितकं पीक जमा होईल त्यावर गावप्रमुखाला नि डच अधिकाऱ्याला टक्केवारी. मग पाचव्या हिश्शावर कोण थांबतंय? भाताच्या खाचरात ऊस नि नीळ आली. १८४०च्या दशकात जावातल्या चेरिबोन, देमाक, ग्रोबोगानमध्ये माणसं उपाशी मेली. नुसती ‘लागवड’ तर आम्ही काजूचीही करतो.

मोडीवाचक: पेशवे दफ्तरात जमीन पिकाखाली आणण्याला ‘लावणी’ म्हणत. ‘सक्तीची लावणी’ करा.

नीरक्षीर: आजचा वाचक ढोलकी शोधेल. शब्द वाचणाऱ्याला कळायला हवा.

मोडीवाचक: कळत नाही म्हणून सोडत गेलो, तर उरेल काय? ‘डच’ तरी का? आपल्याकडे ‘वलंदेज’ आहे, पोर्तुगीजांच्या ‘ओलांदेझ’वरून आलेला. वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती.

नीरक्षीर: ती सतराव्या शतकातली, डच ईस्ट इंडिया कंपनीची. कंपनी १७९९लाच संपली. व्हान डेन बॉसच्या जावात थेट नेदरलँड्सचं सरकार होतं.

मोडीवाचक: वलंदेज म्हणजे कंपनी नव्हे, लोक. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातली टोपीकरांची, म्हणजे युरोपियनांची, यादी पाहा: फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज, फरासीस (फ्रेंच).

देशस्थ: मग ‘फरासीस’ही परत आणा. मी तयार आहे.