बक रेग्युलेटरचा विनाभार प्रवाह कमी करण्यासाठी मदत हवी आहे

कोल्हापूरजवळ पंचगंगेकाठच्या उसात जमिनीतील ओलावा मोजणारे उपकरण मी १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवत असून त्याला ३.३ व्होल्ट पुरवण्यासाठी एलएम२५९६ हा बक रेग्युलेटर (व्होल्टेज कमी करून स्थिर ठेवणारा स्विचिंग आयसी) वापरला आहे. उपकरण बहुतेक वेळ स्लीपमध्ये (काम थांबवून अगदी कमी वीज घेणाऱ्या स्थितीत) असते, तरीही हा आयसी स्वतःसाठीच साधारण ५ मिलिअँपिअर घेतो, आणि पावसाळ्यात सौर पॅनेलवर विसंबता येत नसल्यामुळे हा अपव्यय मला फार खुपतो. मॉड्यूलवरील एलईडी काढला आहे. ऑन-ऑफ पिनने आयसी बंद केल्यास प्रवाह सुमारे ८० मायक्रोअँपिअरवर उतरतो, परंतु मग मायक्रोकंट्रोलरचा पुरवठाही तुटतो. अशा वेळी हलक्या भारावर पल्स वगळणारा (म्हणजे गरज नसताना स्विचिंग थांबवून वीज वाचवणारा) रेग्युलेटर घ्यावा, की स्लीपपुरता कमी प्रवाहाचा वेगळा लिनिअर (स्विचिंग न करणारा) रेग्युलेटर जोडावा? फीडबॅकचे, म्हणजे आउटपुट व्होल्टेज ठरवणारे, रेझिस्टर नॉइज न वाढवता किती मोठे ठेवता येतील, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.