मदत हवी आहे : खसरा, बी-१, फौती नामांतरण, डायवर्शन – महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना कसे समजवावे?

नमस्कार मंडळी,

मी इंदूरला रामबागेत राहते. आजोबांनी १९६८ साली सांवेर तहसिलीतल्या एका गावी स्वतःच्या कमाईतून शेतजमीन घेतली होती. गेल्या वर्षी बाबा गेले आणि तिची सगळी कागदपत्रे माझ्याकडे आली. जमीन विकून प्रत्येकाला त्याचा वाटा द्यावा, असे घरात सर्वांच्या मते ठरले आहे. परंतु पुण्याचा चुलतभाऊ तीन महिन्यांपासून फोनवर एकच सांगतो आहे, ‘ताई, आधी सातबारा पाठव, मग पुढचे बोलू.’ मध्य प्रदेशात सातबारा नसतो, खसरा असतो, असे मी त्याला अनेकदा सांगितले. मात्र ‘सातबारा नाही’ या वाक्याचा महाराष्ट्रात जो अर्थ घेतला जातो तोच त्याने घेतला आणि जमिनीत काहीतरी गोम असावी, अशी शंका काकांच्या घरी शिरली. शब्दांच्या गैरसमजातून सख्ख्या माणसांत कटुता येऊ नये, म्हणून हा धागा काढते आहे. दोन्ही राज्यांतल्या महसुली शब्दांचा अनुभव असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मला आतापर्यंत जे उमगले आहे ते आधी लिहिते. चुकत असल्यास दुरुस्त करावे. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा जोड उतारा. सातमध्ये मालकी व हक्क असतात, बारामध्ये पिके असतात. आमच्याकडच्या खसऱ्यात खसरा क्रमांक, रकबा म्हणजे क्षेत्रफळ, भूमिस्वामीचे नाव आणि पिकाची नोंद हे सारे एकत्रच येते, त्यामुळे सातबाऱ्याच्या जागी खसरा धरावा असे मला वाटते. एका खातेदाराच्या नावावरची सगळी जमीन दाखवणारा जो आठ-अ, त्याच्या जवळचा कागद म्हणजे बी-१, ज्याला जुनी माणसे खतौनी म्हणतात. महाराष्ट्रात ज्याला भोगवटादार म्हणतात तो इथे भूमिस्वामी, तलाठी तो पटवारी, आणि खसऱ्याच्या माथ्यावर जे ‘प. ह. नं.’ असते तो पटवारी हलका नंबर, म्हणजे तिकडचा तलाठ्याचा सजा (एका तलाठ्याकडे असलेला गावांचा गट).

क्षेत्रफळावरूनही एक वाद झाला. खसऱ्यात रकबा ०.४०५ हेक्टर आहे. बाबा नेहमी ‘आपले एक एकर’ म्हणत आणि काका ‘चाळीस गुंठे’ म्हणतात. भावाने ०.४०५ हेक्टरचे ४०.५ आर केले आणि आर म्हणजेच गुंठा असे समजून अर्धा गुंठा कुठे गेला, असे विचारले. मी वहीत हिशेब मांडला : एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, अर्थात सुमारे १०१.१७ चौरस मीटर, आणि असे ४० गुंठे मिळून एक एकर. त्या हिशेबाने आमची जमीन ४० गुंठ्यांहून किंचित जास्त भरते, काहीही हरवलेले नाही. शिवाय गावातले लोक बिघ्यात बोलतात. वीस बिस्व्यांचा एक बिघा हे सर्वत्र सारखे असले, तरी बिघा किती मोठा हे प्रांताप्रांतात बदलते, म्हणून मी आता सर्वांशी केवळ हेक्टरमध्ये बोलते.

माझे खरे प्रश्न पुढे आहेत.

खसऱ्यात ‘कैफियत’ नावाचा एक रकाना असतो. मराठीत कैफियत मांडणे म्हणजे आपली बाजू सांगणे, त्यामुळे भावाला वाटले की कोणीतरी जमिनीविरुद्ध तक्रार केली आहे. प्रत्यक्षात तिथे जमीन एका बँकेकडे बंधक असल्याची नोंद आहे. बाबांनी ते पीककर्ज २००९ मध्ये पूर्ण फेडले. बँकेने तेव्हा दिलेले पत्र ऋणपुस्तिकेच्या, म्हणजे जमीन आणि कर्जाच्या नोंदींच्या पुस्तिकेच्या, शेवटच्या पानाला टाचलेले आहे. टाचणी गंजून तिचा तपकिरी डाग बँकेच्या शिक्क्यापर्यंत पसरला आहे, परंतु सही आणि तारीख स्वच्छ वाचता येतात. फेडलेल्या कर्जाची नोंद इतकी वर्षे तशीच कशी राहते, आणि ती कोणाकडून काढून घ्यायची?

दुसरा प्रश्न मला सर्वांत जास्त टोचतो. आजोबा १९९४ साली मृत्युपत्र न करता गेले, त्यानंतर वर्षभरातच आजीही गेली, आणि ‘फौती नामांतरण’ होऊन फक्त बाबांचे आणि काकांचे नाव चढले. नाशिकच्या आत्याचे नाव कुठेच नाही. त्याच पिशवीत वहीचे एक अर्धे पान आहे, ज्यावर महसुली तिकीट चिकटवून आत्याने निळ्या शाईत लिहिले आहे, ‘माझी काही हरकत नाही.’ त्याखाली सही आणि तारीख आहे. काकांचे म्हणणे असे की, खसऱ्यात नाव नाही आणि ना-हरकतही दिलेली आहे, म्हणजे विषय संपला. आत्या काही मागत नाही, आणि मागणारही नाही. पण तिचा हक्क आहे की नाही हे मला स्वच्छ माहीत करून घ्यायचे आहे, कारण तो असेल तर तिने न मागताही तिला तो मिळायला हवा.

तिसरी गोष्ट दलालाची. तो म्हणतो, जमिनीचे डायवर्शन झालेले नाही, तुम्ही ‘अनुबंध’ आणि ‘आम मुख्तियारनामा’ करून द्या, रजिस्ट्रीचे पुढे आम्ही बघू. यात धोका आहे का?

सविस्तर लिहिल्याबद्दल क्षमस्व, आणि आगाऊ आभार.

– धागाकर्ती, इंदूर

प्रतिसाद १

ताई, मी इंदूरला एका वकिलांच्या कचेरीत अनेक वर्षे जमिनींची कामे पाहिली आहेत, त्या अनुभवावरून लिहितो. खसरा आणि बी-१ यांविषयी आपण जे लिहिले आहे ते व्यवहारापुरते बरोबर आहे. भावाला खसऱ्याची प्रत, बी-१ आणि नकाशाची अक्स असे तिन्ही कागद एकत्र पाठवा, म्हणजे त्याला सातबारा, आठ-अ आणि गावनकाशा पाहिल्याचे समाधान मिळेल.

आत्याबाईंच्या बाबतीत मात्र काकांचे म्हणणे मला पटत नाही. फौती नामांतरण म्हणजे महाराष्ट्रातली वारस नोंद, जी तिकडे फेरफाराने होते. ही नोंद सारा कोणाकडून घ्यायचा हे ठरवण्यासाठी असते. तिच्यामुळे मालकी उत्पन्न होत नाही आणि नाव राहून गेल्याने मालकी बुडतही नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे अनेकदा सांगितले आहे, आणि २०२१ मध्ये तर मध्य प्रदेशातल्याच एका प्रकरणात पुन्हा स्पष्ट केले. जमीन आजोबांची स्वकष्टार्जित होती आणि मृत्युपत्र नव्हते, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे आणि मुली हे सारखेच वारस. मुलींना हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला, असे सरसकट म्हटले जाते. ती दुरुस्ती वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीपुरती महत्त्वाची आहे; वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीचा वाटा १९५६ पासूनच आहे. आजींचाही हिस्सा पुढे तिन्ही मुलांकडे आला असे धरले, तर आत्याबाईंचा एक तृतीयांश होतो, म्हणजे ०.१३५ हेक्टर.

राहिले ते अर्धे पान. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावे लागते. इकडे त्याला ‘हक त्याग विलेख’ म्हणतात. १९०८ च्या नोंदणी कायद्याची ही अट आहे. ‘हरकत नाही’ एवढ्या ओळीने, त्यावर तिकीट असले तरी, हक्क सुटत नाही. तरीही इतकी वर्षे लोटली आहेत, म्हणून मूळ कागद घेऊन दिवाणी वकिलांना एकदा अवश्य भेटा. विक्रीच्या वेळी आत्याबाईंनी विक्रेत्या म्हणून सही करणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे. खरेदीदाराचा वकीलही बहुधा तेच मागेल.

दलालाला नकार द्या. त्याचा अनुबंध म्हणजे महाराष्ट्रातले साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार), आणि आम मुख्तियारनामा म्हणजे कुलमुखत्यारपत्र. १८८२ च्या संपत्ती हस्तांतरण कायद्यानुसार नुसत्या कराराने मिळकतीत हक्क निर्माण होत नाही, आणि अशा मुखत्यारपत्रावरच्या ‘विक्री’ने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ठरवून दिले आहे. तुमची मालकी कागदावर तशीच राहील, आणि ताबा व सही करण्याचा अधिकार मात्र परक्याच्या हाती जाईल. डायवर्शन, म्हणजे व्यपवर्तन, हे महाराष्ट्रातल्या एनएसारखे (अकृषिक परवानगीसारखे) आहे : शेतीची जमीन घरासाठी किंवा व्यवसायासाठी वापरायची असेल तेव्हा ते लागते. शेतजमीन शेतजमीन म्हणूनच विकायची, तर त्यावाचून रजिस्ट्री अडत नाही. मध्य प्रदेशात शेतजमीन घेणारा आधीपासून शेतकरी असावा अशी महाराष्ट्रासारखी सर्वसाधारण अटही नाही. भाऊ कदाचित शेतकरी दाखल्याचेही विचारेल, म्हणून सांगून ठेवतो.

प्रतिसाद २

बंधकाविषयी : बँक आपणहून नोंद काढून घेत नाही, म्हणून ती राहते. त्याच शाखेकडून ताजे अदेयता प्रमाणपत्र, म्हणजे कर्ज बाकी नसल्याचा दाखला, घ्या आणि ते जोडून तहसिलीत अर्ज करा. नोंद उतरल्यावर खसऱ्याची नवी नक्कल काढून पाहा. जमीन विकण्यापूर्वी सीमांकन, म्हणजे महाराष्ट्रातली मोजणी, करून घेतलेली बरी. आमच्या शेजाऱ्यांच्या शेतात कागदावरचा रकबा आणि प्रत्यक्ष बांध यांत सहा फुटांचा फरक निघाला, आणि तो रजिस्ट्रीच्या आदल्या आठवड्यात कळला.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. भावाला तिन्ही कागद पाठवले आणि प्रत्येकाखाली त्याचे महाराष्ट्रातले नाव लिहिले. त्याचा फोन आला, आणि या वेळी त्याने सातबारा मागितला नाही. काकांना ०.१३५ हेक्टरचा हिशेब वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग आत्याविषयी म्हणाले, ‘ताईला मीच सांगतो.’ बँकेच्या शाखेत सोमवारी जाते आहे. हक त्याग विलेखावर आणि विक्रीपत्रावर मुद्रांक शुल्क किती लागते, हे इथे नुकतेच रजिस्ट्री केलेल्या कोणी सांगितले, तर वकिलांकडे जाण्यापूर्वी खर्चाचा अंदाज बांधता येईल.